रजिस्टरातली नोंद

मे महिन्यात पॉलिटेक्निक ओस पडतं,
पंखे कुणासाठी फिरतात ते पंख्यांनाच ठाऊक.
यंदा मात्र माटुंग्याच्या आमच्या लॅबमध्ये
दहा दिवसांसाठी आली नववी-दहावीची बावीस पोरं,
सोबत पाण्याची बाटली, कोरी वही
आणि घरून डब्यासारखी बांधून दिलेली विजेची भीती.

शिकवणार चौबळ मॅडम. मी धुरी, सामान देणारा.
मीटर मोजून द्यायचे, मोजून परत घ्यायचे,
सोल्डरिंगला कुणाचं बोट भाजलं की मलम शोधायचं.
एकतीस वर्षं हेच.

पहिल्या दिवशी रेझिस्टरचे रंग.
मॅडम फळ्यावर लिहीत होत्या तोवर
पोरं टेबलांमधून लंगडी घालत होती:
कातलाना, पिहिनी, जांरापां!
काळा शून्य, तपकिरी एक, असं पांढऱ्या नवापर्यंत.
मला एवढ्या वर्षांत पाठ झाले नव्हते.
त्या दुपारी झाले.

तिसऱ्या दिवशी प्लग उघडला.
ही फेज, ही न्यूट्रल, आणि ही हिरवी, अर्थ.
हुजैफा म्हणाला, अर्थ नसला तरी दिवा लागतो ना?
लागतो, मॅडम म्हणाल्या.
मग कशाला?
मॅडमनी स्क्रू घट्ट केला आधी.
दिवा लागावा म्हणून नसतोच तो, बाळा.
आतून काहीतरी बिघडलेलं असतं
आणि तू नेमका हात लावतोस,
तेव्हासाठी.

चौथ्या दिवशी गृहपाठ: घरातल्या विजेचं बिल काढा.
वॅट गुणिले तास, भागिले हजार, युनिटला सात रुपये धरा.
एल्टन डाबरेच्या वहीत फ्रिज, एसी, मिक्सर, एक पूर्ण पान.
यमुना सरवदेच्या वहीत तीन ओळी.
पंखा एक, पंचाहत्तर वॅट, सोळा तास.
दिवे दोन, नऊ-नऊ वॅट, सहा तास.
महिन्याचे पावणेतीनशे.
मॅडमनी बरोबरची खूण केली.
ती जागेवरून हलली नाही.
म्हणाली, मानखुर्दला आमच्याकडे मीटर नाही.
एक दादा आहे. पॉइंटवर घेतो.
पंख्याचे चारशे, दिव्याचे दोनशे-दोनशे.
मॅडम, माझं कुठेतरी चुकलंय का?

मॅडमनी पुन्हा गुणाकार केला.
मग पुन्हा.

सुटल्यावर ती माझ्या खिडकीशी.
धुरी सर (मला कुणी सर म्हणत नाही),
तो चिमट्याचा मीटर एका रात्रीसाठी मिळेल?
लॅबबाहेर वस्तू जात नाहीत. पाटी आहे तशी,
मीच रंगवलेली.

मी तिला दाखवलं:
चिमट्यात एकच तार धरायची.
दोन्ही एकदम धरल्यास तर शून्य दाखवेल,
गेलेलं आणि आलेलं फिटून जातं.
उघड्या तारेला हात नाही लावायचा, शपथ घे.
तिने घेतली, आईची.
रजिस्टरात मी लिहिलं:
क्लॅम्प मीटर, नग एक. दुरुस्तीसाठी बाहेर.

सकाळी मीटर परत, ओढणीत गुंडाळलेला,
आणि लग्नपत्रिकेच्या पाठीवर आकडे.
पंखा, शून्य पूर्णांक बत्तीस अँपिअर.
खाली तारीख, वेळ, आणि तिची सही, पूर्ण नावाची.
आई काय म्हणाली?
म्हणाली, कुणाला दाखवू नको.
मग मला का दाखवतेस?
तुम्ही सामान देता ना, ती म्हणाली,
जमाखर्च तुमच्याकडेच ठेवायचा.

शेवटच्या दिवशी प्रमाणपत्रं वाटली, समोसे वाटले,
बावीस पोरांनी बावीस दिवे एकदम लावले,
एकवीस लागले. हुजैफाचा राहिला,
त्याने डायोड उलटा बसवला होता.

जूनमध्ये स्टॉकची तपासणी.
कारकून बोट ठेवून विचारतो,
दुरुस्तीला गेला होता म्हणता, बिघाड काय होता?
तो रकाना मी अजून भरलेला नाही.
पत्रिका ड्रॉवरमध्ये आहे, फ्यूज वायरच्या रिळाखाली.

काल फोन आला, कुणाच्या तरी नंबरवरून.
सर, लॅमिंग्टन रोडला तीन पिनांचं सॉकेट
कितीला पडतं?
आणि हिरवी तार, मीटरवर मिळते का,
की अख्खं बंडलच घ्यावं लागतं?